फ्रीकॅडची मराठी पुस्तिका छापायला जातेय, लायसन कुठलं लावायचं?

पॅटर्नवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. विषय जरा कोरडा वाटेल पण पुस्तिका छापायला जायच्या आधी हे मिटवायचंय म्हणून धागा काढला.

उद्यमनगरात माझं पॅटर्नचं, म्हणजे फाउंड्रीत धातू ओतायला वाळूचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्यांचं, वर्कशॉप आहे. आम्ही पाच जणांनी मिळून, दोघं पॅटर्नवाले, एक आयटीआयचे निदेशक सर, एक मेकॅनिकलची विद्यार्थिनी आणि एक डीटीपीवाले, फ्रीकॅडवर मराठीत पुस्तिका तयार केलीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रीकॅड हे एलजीपीएल लायसनखालचं मुक्त (कुणालाही वापरता, बदलता, वाटता येणारं) थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली. आमच्याकडं येणारी पोरं महागड्या सॉफ्टवेअरची कुठून तरी आणलेली क्रॅक कॉपी टाकून शिकतात आणि स्वतःचा धंदा काढायची वेळ आली की अडकतात, म्हणून हा खटाटोप.

पुस्तिकेचा निम्मा भाग फ्रीकॅडच्या विकीवरून (वापरणाऱ्यांनी मिळून लिहिलेल्या वेबसाइटवरून) मराठीत आणलाय, स्केच, पॅड, पॉकेट वगैरे बेसिक. उरलेला आमचा स्वतःचा, कारण फाउंड्रीच्या पॅटर्नला जे लागतं ते आम्हाला एका जागी कुठं मिळालं नाही. बेअरिंग हाउसिंगचं प्रकरण घ्या. ड्रॉइंगवर २०० मिमी लिहिलेलं असतं, ग्रे कास्ट आयर्न थंड होताना साधारण एक टक्का आकसतं म्हणून पॅटर्न २०२ चा करायचा, ज्या फेसवर मशिनिंग होणार तिथं वर दोन-तीन मिमी मटेरियल ठेवायचं, उभ्या भिंतींना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार, द्यायचा नाहीतर पॅटर्न उपसताना वाळू तुटते, आणि आतल्या भोकासाठी कोअर प्रिंट, म्हणजे वाळूचा गाभा टेकायची जागा, वेगळं काढायचं. हे सगळं फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटला जोडून ठेवलंय, श्रिंकेजचा आकडा एका खान्यात बदलला की अख्खं मॉडेल बदलतं, म्हणजे उद्या ॲल्युमिनियमचा जॉब आला तर परत पहिल्यापासून काढत बसायला नको.

आता वाद असा आहे की डीटीपीवाले म्हणतात पहिल्या पानावर ‘सर्व हक्क सुरक्षित’ टाकू, सगळ्या पुस्तकांवर असतं. निदेशक सर म्हणतात फुकट वाटायला परवानगी देऊ पण विकायला नको. माझं मत असं की इचलकरंजीच्या कुणाला लूमच्या पार्टसाठी बदलून घ्यायचंय, बेळगावच्या फाउंड्रीवाल्याला कन्नडमध्ये हवंय, कुणाला एकच प्रकरण छापून भिंतीला लावायचंय, ह्या सगळ्यांना आम्हाला फोन न करता हे करता आलं पाहिजे. आम्ही उद्या असू नसू, नंबर बदलतील. पण असं मोकळं सोडायचं म्हणजे कागदावर नेमकं काय लिहायचं ते जाणकारांनी सांगा.

शाहूपुरीतला_वकील

चांगलं केलंत आधी विचारलंत, बहुतेक लोक छापून झाल्यावर येतात.

आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट लागतो, नोंदणी करा न करा, © चं चिन्ह टाका न टाका. आणि कलम १४ मध्ये लेखकाचे जे हक्क मोजून दिलेत त्यात भाषांतराचा हक्क स्वतंत्रपणे सांगितलाय. म्हणजे पुस्तिकेवर काहीच लिहिलं नाही तर ती मोकळी आहे असं होत नाही, उलट ती पूर्ण बंद असते. हा समज लोकांत फार घट्ट बसलाय, ‘कुठं काय लिहिलंय, घ्या की’ असं म्हणतात आणि कायदा बरोबर उलटं सांगतो. आणि ही बंदी लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते, एकत्र लिहिलं असेल तर सगळ्यात शेवटी जाणाऱ्या लेखकापासून मोजतात. तुमच्यात एक विद्यार्थिनी आहे म्हणताय, हिशोब करून बघा किती पुढं जातं ते.

कलम ३२ मध्ये सात वर्षांनी भाषांतरासाठी सक्तीचं लायसन मागता येतं, पण त्याला अर्ज, सुनावणी, रॉयल्टी असं सगळं लागतं. पॅटर्नच्या पुस्तिकेसाठी निपाणीचा माणूस ते करणार नाही.

दुसरी गोष्ट, भाषांतरालाही स्वतःचा वेगळा कॉपीराइट असतो. विकीवाल्यांचा मूळ मजकुरावर, त्यावर तुमचा मराठीवर. उद्या कुणी तुमच्या मराठीवरून कन्नड केलं तर त्याला दोन्ही थरांची परवानगी लागणार. त्यामुळं पहिला प्रश्न तुम्हालाच, विकीच्या मजकुराचं लायसन काय आहे ते बघितलंय का?

टर्मिनल_ताई

वकील साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, फ्रीकॅडचा विकी सीसी बाय ३.० (क्रिएटिव्ह कॉमन्सचं श्रेयनिर्देश लायसन) खाली आहे. म्हणजे मूळ लेखकांचं श्रेय द्या, लायसनचा दुवा द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, मग भाषांतर करा, विका, काहीही करा.

आता डीटीपीवाल्या दादांना एक सांगायचंय. श्रेय देऊन तुम्ही तुमच्या मराठीवर ‘सर्व हक्क सुरक्षित’ लिहिलंत तर बाय लायसन तुम्हाला अडवत नाही. पण ज्यांनी जगभर बसून, न विचारता वापरता यावं म्हणून लिहून ठेवलं त्यांच्याकडून घ्यायचं आणि पुढच्याला दार लावायचं हे मला बिलकुल पटत नाही, स्पष्ट बोलते.

आणि सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलचं कादंबरीसारखं नसतं. कादंबरी आहे तशी वाचतात. मॅन्युअल दर आवृत्तीला शिळं होतं, मेनू हलतात, बटणाचं चित्र बदलतं, एखादी कमांडच काढून टाकतात. सॉफ्टवेअर बदलायचा हक्क सगळ्यांना आणि त्याचं मॅन्युअल बदलायचा हक्क कुणालाच नाही असं झालं तर दोन वर्षांत त्या मॅन्युअलमुळं शिकणारा जास्त गोंधळतो. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी डॉक्युमेंटेशनपण मुक्तच पाहिजे हा आग्रह पहिल्यापासून धरलाय.

लिब्रेऑफिस ह्या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरची गाइड उघडून आतलं पहिलं पान बघा. तिथं लिहिलेलं असतं की हे जीपीएल ३ (मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन) किंवा पुढची आवृत्ती, नाहीतर सीसी बाय ४.० किंवा पुढची, दोन्हीपैकी जे सोयीचं त्याखाली वापरा, आणि खाली योगदान देणाऱ्यांची नावं. एवढं एक पान असलं की पुढच्याला कुणाला विचारायला लागत नाही.

झेडपी_गुरुजी

मी निदेशक सरांच्या बाजूनं बोलतो. मोकळं द्यायला विरोध नाहीच, पण विकायला परवानगी कशाला? आपल्या लोकांनी रात्री जागून लिहायचं आणि उद्या एखादा क्लासवाला तेच बायंडिंग करून पोरांकडून पाचशे रुपये घेणार. असं आमच्याबाबतीत झालंय. आम्ही शिक्षकांनी मिळून केलेल्या स्वाध्यायांच्या पीडीएफ एका क्लासनं स्वतःचं नाव टाकून विकल्या, आमचा साधा उल्लेखही नाही. सीसीमध्ये एनसी म्हणून पर्याय आहे ना, व्यावसायिक वापर नको असा, तो लावा की.

टर्मिनल_ताई

गुरुजी, तुमचा राग अगदी बरोबर आहे, पण त्या क्लासनं दोन गोष्टी केल्या, विकलं आणि तुमची नावं काढली. चीड आणणारी गोष्ट दुसरी आहे. ती कुठल्याही सीसी बाय लायसनमध्ये चालत नाही, नाव काढलं की त्याचं लायसनच संपतं.

आता एनसी लावून काय होतं ते बघा. आयटीआयसमोरचा झेरॉक्सवाला पानाला एक रुपया घेतो, तो नफा कमावतोय, चालेल का? फी घेणाऱ्या खाजगी आयटीआयमध्ये वापरली तर? उद्यमनगरातल्या वर्कशॉपनं आपल्या कामगाराला शिकवायला छापली, ते तर उघड धंद्यासाठीच आहे, आणि पुस्तिका लिहिलीय कुणासाठी, त्यांच्यासाठीच ना? ह्यातलं काय बसतं काय नाही ह्यावर वकिलांतसुद्धा एकमत होत नाही, मग साधा माणूस भीतीनं वापरतच नाही. जो क्लासवाला बिनदिक्कत चोरतो त्याला एनसीनं फरक पडत नाही, जो प्रामाणिक आहे तो मात्र थांबतो.

शिवाय एनसी लावलेलं मराठी विकिपीडियावर, विकिबुक्सवर घेता येत नाही, विकिमीडिया कॉमन्सवर चित्रं चढवता येत नाहीत. डेबियनसारख्या लिनक्स डिस्ट्रोच्या (लिनक्स आणि सॉफ्टवेअरच्या तयार संचाच्या) मुख्य भागात जाता येत नाही. म्हणजे जिथं पुस्तिका टिकली असती त्या सगळ्या जागा बंद.

एनडी तर विचारातच घेऊ नका, त्यात बदल करून वाटायला बंदी असते आणि भाषांतर हा बदलच धरतात.

निपाणीकर

मी तोच निपाणीचा माणूस समजा वकील साहेब 🙂 अर्ज-सुनावणी मी खरंच करणार नाही.

आमच्याकडं वर्कशॉपात निम्मी पोरं मराठी वाचतात निम्मी कन्नड, आणि बेळगावला गेलं की फाउंड्र्या, हायड्रॉलिकवाले सगळे कन्नडच जास्त. पॅटर्नवाले दादांची पुस्तिका आली की मला ती कन्नडमध्ये करायचीय हे आधीच सांगतो. पण जशीच्या तशी नको, विकीचा भाग मी इंग्रजीवरनं थेट घेईन, मला तुमची फाउंड्रीची प्रकरणं पाहिजेत, त्यात पण मी आमच्याकडच्या पंपाच्या केसिंगचं उदाहरण घालणार आणि तुमचं एखादं काढणार. हे सगळं चालणार का, तर त्याचं उत्तर मला त्या पहिल्या पानावरच मिळालं पाहिजे.

मागं एका मशीनच्या कंपनीचं ऑपरेटर मॅन्युअल आम्ही कन्नडात केलं होतं, कामगाराचा हात जाऊ नये एवढाच उद्देश. छापायची परवानगी मेलवर मागितली, उत्तरच नाही. परत मागितली, तरी नाही. नाही म्हणाले असते तरी कळलं असतं. ते भाषांतर तसंच कॉम्प्युटरात पडून आहे आणि पोरं अजून चित्रं बघून मशीन चालवतात. तेव्हा परवानगी मागायला लागू नये हीच खरी परवानगी आहे माझ्या मते.

जुना_लिनक्सवाला

सगळे सीसी सीसी म्हणताय पण मॅन्युअलसाठी खास बनवलेलं लायसन आहे, जीएनयू ह्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं एफडीएल. २००० साली आलं, जीएनयूची मॅन्युअलं त्याच्याखाली आहेत, विकिपीडियापण सुरुवातीला त्याच्यावरच होता. मुक्त सॉफ्टवेअरचं काम आहे तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचंच लायसन घ्यावं असं मला वाटतं.

टर्मिनल_ताई

दादा, एफडीएलबद्दल मला आदर आहे आणि त्यातली एक गोष्ट मला सीसीपेक्षा जास्त आवडते, ती खाली सांगते. पण ह्या पुस्तिकेला ते जड जाईल.

पहिलं म्हणजे लायसनचा अख्खा मजकूर प्रत्येक प्रतीत छापावा लागतो. निपाणीकरांना चार पानांचं एक प्रकरण वाटायचं असेल तर प्रकरणापेक्षा लायसन मोठं होणार. बदललेल्या प्रतीला वेगळं शीर्षक द्या, इतिहासाचा विभाग ठेवा, मुख्य लेखकांची नावं शीर्षकपानावर घ्या, अशा बऱ्याच अटी आहेत, त्या सगळ्या पाळताना माणूस दमतो.

दुसरं, त्यात ‘न बदलता येणारे विभाग’ ठेवायची सोय आहे. ईमॅक्स ह्या जीएनयूच्या टेक्स्ट एडिटरच्या मॅन्युअलमध्ये जीएनयूचा जाहीरनामा तसा ठेवलेला आहे. भाषांतर करणाऱ्यानं त्याचं भाषांतर जोडलं तर चालतं पण मूळ इंग्रजीही ठेवावं लागतं, मूळ काढून नुसतं भाषांतर ठेवायचं तर लेखकांची खास परवानगी लागते. ह्यावरून डेबियनमध्ये मोठा वाद झाला आणि २००६ मध्ये मतदान होऊन ठरलं की असे विभाग नसतील तर एफडीएल मुक्त धरायचं, असतील तर नाही. त्यामुळं ईमॅक्सचं मॅन्युअल डेबियनच्या मुख्य भागात नाही. विचार करा, मुक्त सॉफ्टवेअरच्या सगळ्यात जुन्या प्रकल्पांपैकी एकाचं मॅन्युअल!

तिसरं आणि सगळ्यात अडचणीचं म्हणजे एफडीएल आणि सीसी बाय-एसए (बदललेलंही त्याच लायसनखाली द्या म्हणणारं सीसी) एकमेकांत मिसळत नाहीत. विकिपीडियाला बाहेर पडायचं होतं तर त्यासाठी २००८ च्या नोव्हेंबरात एफडीएलची १.३ आवृत्ती काढून खास खिडकी उघडावी लागली, तीही १ ऑगस्ट २००९ पर्यंतच, आणि २००९ च्या जूनमध्ये ते सीसी बाय-एसएवर गेले. आपल्याला असली खिडकी कोण उघडून देणार?

आता आवडणारी गोष्ट. शंभरच्या वर प्रती वाटायच्या तर एफडीएल म्हणतं की बदल करता येईल अशी मूळ फाइलपण द्या, नाहीतर ती नेटवर कुठं आहे ते सांगा. सीसीमध्ये असली अट नाहीच. बाय-एसए लावून नुसती पीडीएफ दिली तरी लायसन पाळल्यासारखं होतं. त्यामुळं ही गोष्ट आपण आपणहून करायची.

छापखान्यातला

शेवटच्या मुद्द्यावर मी बोलणारच, कारण ह्याचा त्रास मी रोज बघतोय.

आमच्याकडं जुन्या पुस्तकांची सुधारित आवृत्ती काढायला लोक येतात. पेजमेकरची फाइल असते, जुन्या फॉन्टात टाइप केलेली, युनिकोड नाही. त्या पीडीएफमधनं मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा येतो, परत सगळं टाइप. कन्व्हर्टर आहेत पण जोडाक्षरं आणि रफार कुठं ना कुठं सरकतोच, मग ओळन् ओळ तपासा. लायसन कितीही मोकळं असू दे, असली फाइल हातात आली तर भाषांतरवाला काय करणार? पॅटर्नवाले, तुमच्या भाषेत सांगायचं तर पीडीएफ म्हणजे कास्टिंग, आणि पुढच्याला पॅटर्न पाहिजे असतो.

तेव्हा माझी विनंती अशी की ओडीटी (लिब्रेऑफिसमध्ये उघडून बदलता येणारी फाइल) द्या, युनिकोडमध्ये. फॉन्ट पण मोकळा वापरा, मुक्ता घ्या किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या, दोन्ही ओपन फॉन्ट लायसनखाली आहेत, फाइलीबरोबर फॉन्ट दिला तरी कुणी विचारत नाही. आणि चित्रं! चित्रात मराठी शब्द चिकटवून जेपीजी केलेलं देऊ नका. इंकस्केपमध्ये काढलेली एसव्हीजी द्या आणि शब्द वेगळ्या लेयरवर ठेवा, म्हणजे निपाणीकर लेयर बंद करतील, कन्नडचा नवा लेयर टाकतील, बाण आणि मापं जागची हलणार नाहीत. बाणांवरची नावं १, २, ३ आकड्यांनी दाखवून खाली यादी दिली तर आणखी सोपं.

अजून एक, पीडीएफला पासवर्ड, कॉपी-बंदी असलं काही लावू नका. काही लोक सवयीनं लावतात.

शाहूपुरीतला_वकील

पासवर्डवरून आठवलं, सीसीच्या खाली घेतलेलं पुढं वाटताना दुसऱ्याचा हक्क अडेल असं कुलूप लावायला लायसनच मनाई करतं. तुमच्या विकीच्या भागालाही ते लागू होतं.

आणि एक प्रश्न पॅटर्नवाल्यांना. बेअरिंग हाउसिंगचं ते ड्रॉइंग कुणाचं आहे? ग्राहकाचं असेल तर ते तुम्ही कुणालाच मोकळं देऊ शकत नाही. जे आपलं नाही त्याचं लायसन आपण देऊ शकत नाही.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

नाही साहेब, ड्रॉइंग आमचंच आहे, मापं मनानं धरलेली, राउंड फिगर म्हणूनच २०० घेतलंय. ग्राहकाचा जॉब पुस्तिकेत घालायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

इतकं वाचून एनसी आणि ‘सर्व हक्क’ दोन्ही आमच्यातून बाद झालेत, डीटीपीवाल्या दादांना पण छापखान्यातल्यांचं म्हणणं पटलं. आता प्रश्न राहिला बाय की बाय-एसए. माझा कल एसएकडं आहे, घेतलंय तर त्याच अटीवर पुढं द्या. पण ताई, ह्यानं कुणाची अडचण होईल का?

टर्मिनल_ताई

थोडी होते आणि ती माहीत असून निवडावं. बाय-एसए म्हणजे बदललेली किंवा भाषांतर केलेली आवृत्ती वाटायची तर ती त्याच लायसनखाली. गुरुजींची जी भीती आहे ना, की कुणीतरी घेऊन बंद करून विकेल, त्याचा इलाज एनसी नाही, हा आहे. क्लासवाला विकू शकेल पण त्याच्या प्रतीवर पण तुमची नावं आणि हेच लायसन राहणार, म्हणजे त्याच्याकडून घेतलेली प्रत कुणीही झेरॉक्स करून वाटू शकतो. पाचशे रुपये कोण किती दिवस देणार?

अडचण कुठं, तर तुम्हाला तुमची फाउंड्रीची प्रकरणं परत फ्रीकॅडच्या विकीवर द्यायची झाली तर विकी आहे सीसी बायवर. बाय-एसएचा मजकूर तिथं तसाच टाकता येणार नाही. पण तुम्ही स्वतः लेखक आहात, तुमच्या मजकुराला तुम्ही दोन लायसनं देऊ शकता, सगळ्या पाच जणांनी हो म्हटलं की झालं. लेखक सापडतायत तोवर हे सोपं आहे.

बाकी बाय-एसए ४.० चे फायदे बरेच. विकिपीडिया २०२३ पासून ह्याच आवृत्तीवर आहे, केडीईची नवी डॉक्युमेंटेशन ह्याच्यावर, ब्लेंडरचं मॅन्युअल ह्याच्यावर, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलच्या स्क्रिप्ट बाय-एसएखाली आहेत. त्या स्क्रिप्ट एकदा बघाच, दोन रकान्यांचा तक्ता असतो, एकात पडद्यावर काय दिसतं ते आणि दुसऱ्यात बोलायचं वाक्य, भाषांतर करणारा फक्त दुसरा रकाना बदलतो. एकाच ट्युटोरियलची मराठी, कन्नड आणि बाकी भारतीय भाषांतली आवृत्ती निघते ती ह्या रचनेमुळं आणि लायसनमुळं. आणि २०१५ पासून बाय-एसए ४.० चा मजकूर जीपीएल ३ च्या प्रकल्पात घेता येतो, उलट दिशेनं नाही.

एक सुचवते, पुस्तिकेत मॅक्रोचे (फ्रीकॅडमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) जे पायथनचे तुकडे दिलेत त्यांना सीसी झिरो लावा, म्हणजे सगळे हक्क सोडून द्या. कुणीतरी चार ओळी आपल्या मॅक्रोत चिकटवणार, त्यासाठी त्याला श्रेय आणि लायसनच्या पानात अडकवू नये. सीसीवाले स्वतःच सांगतात की त्यांची नेहमीची लायसनं कोडसाठी वापरू नका.

जुना_लिनक्सवाला

पटलं. एफडीएलचा आग्रह सोडतो.

‘लेखक सापडतायत तोवर’ हे वाक्य मात्र अधोरेखित करावं असं आहे. मराठीत लिनक्सची एक सुंदर मार्गदर्शिका बरीच वर्षं पीडीएफ म्हणून फिरतेय. कमांड समजावून सांगायची पद्धत इतकी छान की अजून तसं मराठीत वाचलं नाही. त्यातली निम्मी माहिती आता जुनी झालीय, आम्ही तिघांनी ती सुधारायचं ठरवलं, पण त्यावर कुठंही लायसनची ओळ नाही. चार लेखक, दोघं भेटले आणि आनंदानं हो म्हणाले, एकजण वारले, त्यांच्या घरच्यांना हे काय चाललंय तेच कळेना, चौथ्यांचा पत्ता लागत नाही. लिहिणाऱ्या चौघांचीही इच्छा ती लोकांनी वापरावी अशीच असणार, नाहीतर फुकट वाटली कशाला असती, पण इच्छा कागदावर नाही. आम्ही काम थांबवलं. सुरुवातीलाच एक ओळ टाकली असती तर आज ती मार्गदर्शिका नव्या पोरांच्या हातात असती. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

इंटरफेसचं (सॉफ्टवेअरच्या मेनू-बटणांचं) भाषांतर करणाऱ्यांनी पण पीओ फाइलच्या, म्हणजे ती भाषांतरं जिच्यात असतात तिच्या, डोक्याशी बघावं. तिथं साच्यात आपोआप एक ओळ येते, ‘ही फाइल पॅकेज ह्या पॅकेजच्याच लायसनखाली वाटली जाते’ अशा अर्थाची. पॅकेज ह्या शब्दाच्या जागी प्रकल्पाचं नाव घालायचं असतं, कितीतरी फायलींत ते तसंच राहिलेलं असतं, नाव-साल पण कोरं. दहा सेकंदाचं काम आहे, करून टाकत जा.

झेडपी_गुरुजी

एसएबद्दल ताईंनी सांगितलं ते पटलं, आमच्या स्वाध्यायांना पण हेच लावायचा विचार करतोय. दोन शंका. एक, कुणी चुकीचं भाषांतर केलं आणि त्यावर आमचं नाव राहिलं तर? ड्राफ्टचा कोन चुकला तर शिव्या मूळ लेखकाला बसणार. दुसरी, आम्ही नोकरीत असताना लिहिलंय, ते आमचं का खात्याचं?

शाहूपुरीतला_वकील

पहिल्या शंकेला लायसनमध्येच उत्तर आहे. बदल केलाय हे सांगणं बंधनकारक, तुमचा ह्या आवृत्तीला पाठिंबा आहे असं भासवायला बंदी, आणि तुम्ही सांगितलंत तर तुमचं नाव शक्य तितकं काढून टाकावं लागतं. त्याशिवाय ‘जसं आहे तसं’ दिलेलं असतं, हमी नाही.

दुसरं महत्त्वाचं आहे आणि ह्याकडं कुणी बघत नाही. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. फावल्या वेळात, स्वतःच्या मनानं, नोकरीच्या कामाबाहेरचं लिहिलं असेल तर तुमचं. पण आयटीआयचे निदेशक सर आपल्याच विषयावर लिहितायत, तिथं सीमा धूसर आहे, त्यामुळं त्यांनी संस्थेच्या प्राचार्यांकडून ‘आमची हरकत नाही’ असं दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवावं. आणि पाचही जणांची संमती लेखी घ्या, कायद्याला लायसन लेखीच लागतं. एका कागदावर लायसनचं नाव, आवृत्ती, सगळ्यांच्या सह्या, तारीख, बास.

हेही लक्षात घ्या की एकदा दिलं की परत घेता येत नाही. विचार आत्ता करा.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्कशॉपात बसून पाचही जणांनी सह्या केल्या, निदेशक सरांना प्राचार्यांनी पत्र दिलं. पहिल्या पानाचा मजकूर असा ठरलाय, बघून घ्या :

‘ही पुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समवितरण (सीसी बाय-एसए) ४.० आंतरराष्ट्रीय लायसनखाली दिली आहे. तुम्ही ती छापू शकता, विकू शकता, बदलू शकता, कोणत्याही भाषेत भाषांतर करू शकता, त्यातलं एखादंच प्रकरण घेऊ शकता. त्यासाठी आम्हाला विचारायची गरज नाही. मात्र लेखकांची नावं द्या, काय बदललं ते सांगा आणि तुमची आवृत्ती ह्याच लायसनखाली द्या. प्रकरण १ ते ४ फ्रीकॅड विकीवरील मजकुराचं भाषांतर आहे, मूळ मजकूर सीसी बाय ३.०, लेखक फ्रीकॅड विकीचे योगदानकर्ते. मॅक्रोंचं कोड सीसी झिरो. ओडीटी, एसव्हीजी आणि फ्रीकॅडच्या मूळ फायली खालील पत्त्यावर आहेत.’

खाली लायसनचा आणि फायलींचा पत्ता.

टर्मिनल_ताई

छान झालंय. विकीच्या प्रत्येक पानाचा दुवा त्या त्या प्रकरणाच्या शेवटी टाका, सगळे एकत्र मागच्या पानावर नको, नाहीतर निपाणीकर एकच प्रकरण घेतील तेव्हा श्रेय मागं राहून जाईल. लायसनची एक ओळ पण प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानाच्या तळाला येऊ द्या.

निपाणीकर

बरोबर, ते कराच. दादा, एसव्हीजी उघडून बघितल्या, लेयर मस्त वेगळे केलेत. फक्त कोअर प्रिंटच्या चित्रात ‘ड्राफ्ट’ हा शब्द बाणाबरोबर ग्रुप झालाय, लेयर बंद केला की बाणपण जातोय.

छापखान्यातला

ते मी आज सोडवून देतो. कव्हरवर भट्टीतनं धातू ओततानाचा फोटो लावलाय तो कुणाचा? त्याचं पण बघायला पाहिजे, मजकुराचं लायसन फोटोला आपोआप लागत नाही.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

आमच्या विद्यार्थिनीनं स्वतः काढलाय, फाउंड्रीच्या मालकांना विचारून, आणि फोटोत दिसणाऱ्या दोघा कामगारांना पण विचारलंय. सह्यांच्या कागदावर फोटोचा वेगळा उल्लेख आहे. फोटोखाली तिचं नाव घालायचं राहिलंय, तेवढं घाला.